शाळा घरात आणू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तिसरी झाली की लेकाला शाळेतून काढून घरीच शिकवायचं तुमच्या मनात आहे, हे वाचून फार आनंद झाला. सोबत पाठवलेलं वेळापत्रक मात्र बाजूला ठेव. आठ ते नऊ गणित, नऊ ते दहा इंग्रजी, मग मधली सुट्टी. हेच करायचं तर त्याची शाळा काय वाईट होती? तिथे निदान मित्र तरी होते. होमस्कूलिंग करायचं तर घराचा अख्खा दिवस नव्याने बसवावा लागतो, आणि ते काम आधी तुम्हा दोघांचं आहे.

पहिले दोन-तीन महिने त्याला काहीही शिकवू नकोस. झोपू दे, कंटाळू दे, सायकल खोलून पसारा करू दे. कंटाळला की तो आपणहून कशाला हात घालतो, ते एका वहीत टिपून ठेव. पुढे काय शिकवायचं, ते त्या वहीतच सापडेल.

माझी मुलगी दहा वर्षांची असताना आजोबांचा हात धरून माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालली. शाळा असती तर जून-जुलैत हे जमलंच नसतं. दिवे घाट चढून वर आल्यावर तिने एका टँकरवर ‘१०,००० लिटर’ असं वाचलं आणि विचारलं, एवढं पाणी आपल्या दिंडीला किती दिवस पुरेल? मग दिंडीत माणसं किती, माणशी पाणी किती, आंघोळीचं धरायचं की नुसतं पिण्याचं? विणेकरीबुवांना विचारून तिने आकडे लिहून घेतले. घरी आल्यावर कितीतरी दिवस ती त्या हिशेबातच होती. सरासरी आणि भागाकार तर त्यात आलेच, वर सासवडकडे पाऊस इतका कमी का, हा प्रश्न उरला. त्या वर्षीचा आमचा भूगोल तिथून सुरू झाला. सवड म्हणतात ती ही. एक प्रश्न संपेपर्यंत त्याच्याजवळ बसता येतं.

कागदपत्रांची धास्ती घेऊ नकोस, पण ढिलाईही नको. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे. न घातल्यास पालकांना शिक्षा मात्र त्या कायद्यात सांगितलेली नाही. त्याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे शाळेबाहेरच्या मुलाला वयानुसार योग्य त्या वर्गात प्रवेश मिळतो, म्हणजे परतीची वाट बंद होत नाही. दहावीसाठी एनआयओएस, म्हणजे केंद्र सरकारची राष्ट्रीय मुक्त शाळा, आहे. १४ वर्षं पूर्ण हवीत, पाच विषय घ्यायचे, परीक्षा वर्षातून दोनदा, आणि पाच वर्षांत मिळून नऊ संधी. झेपतील तसे एकेक विषय सोडवता येतात. राज्य मंडळाच्या दहावीला बाहेरून बसायचं झालं, तर १७ नंबरचा फॉर्म भरताना शाळा सोडल्याचा दाखला मागतात. तेव्हा दाखला आत्ताच रीतसर घे आणि जपून ठेव.

सासूबाई विचारतात ना, ‘चार पोरांत मिसळणार कसा?’ त्यांची काळजी रास्त आहे, तिच्यावर वाद घालू नकोस. मल्लखांब, तबला, संध्याकाळचं मैदान, काहीही चालेल. रोज एक जागा अशी हवी जिथे तो तुझ्याशिवाय जातो. तिथली भांडणंही त्याची त्यालाच मिटवू दे. आणि दुपारचं वाचन सासूबाईंकडे दे. त्यांना वाचून दाखवायची हौस आहे, हे तूच मागे सांगितलं होतंस.

आता मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट. नोकरी तूच सोडणार, हे तुझ्या पत्रात न बोलता ठरून गेलेलं दिसलं. पैशाचा हिशेब कागदावर मांडा, एका पगारात भागतं का ते आधी बघा. नाही भागलं तर तू अर्धवेळ काम कर, पण पूर्ण सोडू नकोस. चोवीस तास मुलाभोवतीच राहिलेली आई वर्षभरात थकते आणि मग तिची चिडचिड पोरावर निघते. मी हे बऱ्याच घरांत पाहिलं आहे. आठवड्यातल्या दोन सकाळी नवऱ्याने पूर्णपणे स्वतःकडे घ्याव्यात आणि त्या वेळी तू घरात थांबू नयेस. तो काय शिकवतो, यात डोकावूही नकोस. यावर त्याचा स्पष्ट होकार मिळाल्याशिवाय शाळेत दाखल्याचा अर्ज देऊ नकोस. वार्षिक परीक्षेला अजून अवकाश आहे, तोवर दोघं निवांत बोला. तो काय म्हणाला ते मला लगेच कळव.

तुझी,
मावशी