अ‍ॅम्बेसेडरच्या दारातून पाणी अन् फुफाटा आत येतो: आधी रबर बदलू की आधी दार बसवू?

आधी दार. रबर सगळ्यात शेवटी.

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं: वडिलांची १९८४ ची अ‍ॅम्बेसेडर, ड्रायव्हरकडचं दार हाताने उचलून लावावं लागतं, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडे पांदण रस्त्याने एक फेरी मारली की मागच्या सीटवर बोटाने नाव लिहिता येईल एवढा फुफाटा, आणि पावसात पायाखालची चटई ओली. दुकानदार म्हणतो जाड रबर लावा. गॅरेजवाला म्हणतो दार ठोकून बसवतो. भाऊ, दोघंही साफ चूक नाहीत, पण दोघंही उलट्या टोकाकडून सुरुवात करून राहिले.

दाराचं रबर फट बुजवायला नसतं. ते दाबलं गेलं तरच काम करतं, आणि साधारण एक तृतीयांश दाबलं गेलं तर नीट करतं. म्हणजे १२ मिमी गोलाईचं पोकळ रबर ८ मिमीच्या फटीत छान बसतं. आता तुमचं दार लटकलेलं आहे, तेव्हा बिजागरीच्या बाजूला फट ५ मिमी आणि लॉकच्या वरच्या कोपऱ्यात १४ मिमी असणार. या दोन्हींना पुरेल असं रबर कोणी बनवत नाही. जाड लावलं तर बिजागरीकडे ते दाराला बाहेर ढकलतं, लॉक पहिल्याच खटक्यावर अडकतं, आपण दार आपटतो, आपटून पिना आणखी झिजतात. दोन महिन्यांत दार पहिल्यापेक्षा खाली.

काम सुरू करताना गाडी सपाट फरशीवर चारही चाकांवर उभी करा, टायरची हवा सारखी. जॅकवर चढवून दारं जुळवू नका. ही गाडी मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या सिरीजवरून आलेली, खाली जीपसारखी वेगळी चासी नाही; बॉडी हाच सांगाडा. जॅक लावला की दाराच्या फटी हलतात. याचाच उपयोग तपासायला करा: दार लावून वरच्या कोपऱ्यातली फट मोजा, मग त्या बाजूला जॅक लावून पुढचं चाक जेमतेम उचला आणि परत मोजा. एखाद्या मिमीचा फरक चालतो. तीन-चार मिमी हलली, किंवा दार उघडेचना, तर दाराखालची सिलची पेटी (उंबऱ्यासारखा पोकळ पत्रा) आतून सडलेली आहे. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून पाहा, आत गेलं तर आधी वेल्डिंग. तोवर या उत्तराचा बाकी भाग बाजूला ठेवा, कारण सडक्या सिलवर बसवलेलं दार पहिल्या खड्ड्याला जागा सोडतं. वेल्डिंग करताना दारं लावलेली असू द्या, नाहीतर दाराची चौकटच वाकडी जोडली जाते. गंजावर नुसता पत्रा चढवून वर डांबर फासणारे भेटतील. तसं करू नका, खाली गंज चालूच राहतो.

सिल ठीक निघाला तर बिजागरी. दार अर्धं उघडा, लॉककडच्या टोकाला खालून दोन्ही हातांनी उचला आणि दुसऱ्याला बिजागरीवर बोट ठेवायला सांगा. पिन आणि तिच्या भोकात खटखट जाणवली तर दार सरकवून उपयोग नाही. पिना काढून लेथवाल्याकडे न्या, भोक किंचित मोठं करून जाड पिन किंवा पितळी बुश बसवून घ्या. तालुक्याच्या कोणत्याही लेथवर होणारं काम आहे. एक सांगतो: या गाडीचे बरेचसे बोल्ट इंची. १/२ इंच म्हणजे १२.७ मिमी, त्यावर १३ चा पाना जरा सैल बसतो आणि गंजलेल्या बोल्टचं डोकं गोल करून टाकतो. इंची पाने मागून आणा. आदल्या रात्री बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

आता जुनं रबर पूर्ण काढा, चारही दारांचं. सगळी जुळवाजुळव रबराशिवाय करायची, ही गोष्ट सगळ्यात जास्त लोक टाळतात. क्रमही ठरलेला आहे: मागचं दार आधी, कारण त्याच्या मागचा पत्रा हलत नाही. मागच्या दाराला धरून पुढचं दार. पुढच्या दाराला धरून मडगार्ड. बोनेट शेवटी. पुढून सुरुवात केली तर चुका मागे ढकलत जाता आणि शेवटी सगळी फट मागच्या दारात जमा होते. दोन पत्र्यांमधली फट ४ ते ५ मिमी वरपासून खालपर्यंत सारखी आली की या गाडीला पुष्कळ झालं. कारखान्यातूनही ती याहून फार नाजूक येत नव्हती.

बोल्ट सैल करण्याआधी बिजागरीभोवती पेन्सिलीने रेघ मारा. दाराखाली जॅक, जॅकवर लाकडी ओंडका, ओंडक्यावर गोधडीची घडी. मग एकाच बाजूचे बोल्ट सैल करा, दाराकडचे किंवा खांबाकडचे. दोन्ही सोडलेत तर दार कुठे होतं ते विसरा. लॉककडचं टोक वर आणायचं तर खालची बिजागरी मागे, म्हणजे लॉकच्या दिशेने, किंवा वरची पुढे. बिजागरी खांबाच्या मागच्या अंगावर कसलेली असेल तर खालच्या बिजागरीमागे पातळ पत्र्याचं पॅकिंग घातलं की हेच होतं. किती घालायचं याचा हिशोब सोपा आहे: दोन बिजागऱ्यांमधलं अंतर ४० सेंमी आणि दाराची लांबी १०० सेंमी धरली, तर १ मिमी पॅकिंगने टोक अडीच मिमी उचलतं. म्हणून एकदम जाड पट्टी कोंबू नका, अर्ध्या-अर्ध्या मिमीने चला.

हे करताना लॉकचा स्ट्रायकर, म्हणजे दाराचं लॉक ज्यात अडकतं तो तुकडा, खांबावरून काढून ठेवा. तो लावलेला असला तर दार बंद होताना त्याच्यावर चढतं आणि जुळलं असं खोटंच वाटतं. दार आपल्या जागी आपोआप तरंगत आलं की मग स्ट्रायकर लावायचा. त्याचं काम दाराला धरून ठेवण्याचं, उचलण्याचं नाही.

राहिलं ठोकणं. दाराचा खालचा भाग बरोबर बसला आणि काचेच्या वरची चौकट बाहेर उभी राहिली, तर दाराला पीळ आहे. तो बोल्टने निघत नाही. काच खाली घ्या, लॉकच्या उंचीवर दार आणि खांब यांच्यामध्ये चिंधी गुंडाळलेला लाकडी ठोकळा धरा आणि चौकटीचा वरचा कोपरा दोन्ही हातांनी हळूहळू आत दाबा. थोडं दाबा, पाहा, परत दाबा. तुमचा गॅरेजवाला बहुधा हेच म्हणत असावा, आणि हे शिकलेल्या हाताचं काम आहे. पण ते शेवटचं. बिजागरी लटकलेली असताना पीळ काढला तर दोन वाकड्या गोष्टी एकमेकींना झाकतात.

दारं जुळली की रबर विकत घ्यायला निघायचं, त्याआधी नाही. कारण कोणतं रबर लागेल हे आत्ता कळणार. भिजवलेल्या कणकेचे बोराएवढे उंडे करा, पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि रबर जिथे बसतं त्या कडेवर चिकटपट्टीने लावा: वर तीन, खाली तीन, दोन्ही बाजूंना दोन-दोन. दार हळूच पूर्ण लावा, उघडा, प्रत्येक उंडा मधोमध कापून जाडी मोजा. सगळ्या जागी ७ ते ९ मिमी आली तर १२ मिमीचं रबर घ्या. एका कोपऱ्यात अजून १३ असेल तर परत दाराकडे. (कणीक घट्ट भिजवा, सैल असली की दार उघडताना ओढली जाते आणि माप चुकतं.)

दुकानात जाताना सर्वांत जुन्या थराच्या रबराचा दोन-तीन इंच तुकडा न्या. या गाड्यांत पहिल्या रबरावर दुसरं, त्यावर तिसरं असं चढवलेलं सापडतं, तळातलं खरं. बॉडीच्या कडेवर चढणारं क्लिप-ऑन बीडिंग असेल तर त्या कडेची रंगासकट जाडी व्हर्नियरने मोजून न्या. तीनदा रंगवलेल्या गाडीची कड जाड झालेली असते आणि नवं बीडिंग चढत नाही, किंवा चढवताना तोंड फाकून नंतर सुटतं. लांबी सुतळीने मोजा, एका दाराला साधारण साडेतीन मीटरच्या आसपास, आणि एकूण मापावर एक-दीड मीटर जास्त घ्या. नागपूर-अमरावतीला मापाचं मिळालं नाही तर दिल्लीचं काश्मिरी गेट आणि कोलकात्याचा मल्लिक बाजार आहेत.

माल ईपीडीएमचा मागा, म्हणजे ऊन-पाणी सोसणारं सिंथेटिक रबर. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हातल्या काळ्या पत्र्यावर हात ठेववत नाही; साधं रबर अशा उन्हात दोन उन्हाळ्यांत भेगाळतं. स्पंज रबर असेल तर तुकडा कापून पाण्यात बुडवा, दाबा, सोडा. पाणी शोषलं तर परत करा, ते छिद्रांतून पाणी धरतं आणि खालचा पत्रा खातं. दाबून सोडल्यावर लगेच फुगलं पाहिजे.

चिकटवायची जागा साफ करताना घासलेट वापरू नका, मागे तेलकट थर राहतो. एनसी थिनर (रंग पातळ करायचा) नव्या रंगाला उचलतो. जुना गोंद प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सिंथेटिक रबराचा गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावा आणि बोटाला चिकटेनासा झाला की जोडा. हिवाळ्यात याला दहा-पंधरा मिनिटं लागतात, एप्रिलच्या दुपारी तो ब्रशवरच सुकतो. म्हणून सकाळी, सावलीत, हातभर-हातभर लावत चला.

रबर ओढायचं नाही. ओढून लावलं की काम भराभर होतं, दिसतंही सुरेख, आणि तीन आठवड्यांत ते आखडून कोपऱ्यातून उचलतं अन् सांध्यात बोटभर फट पडते. उलट प्रत्येक कोपऱ्यात थोडं आत ढकलून सैल ठेवा. सांधा खालच्या बाजूला मधोमध, टोक ४-५ मिमी जास्त ठेवून कापा आणि दाबून जोडा. फेविक्विकने सांधा दगडासारखा कडक होतो, तिथेच पुढे फाटतो.

नवं रबर लावल्यावर दार जड लागेलच. दोन-तीन आठवडे उन्हात दारं दुसऱ्या खटक्यापर्यंत लावून गाडी उभी ठेवा, रबर आपली जागा घेतं. लगेच स्ट्रायकर बाहेर सरकवू नका. तीन आठवड्यांनीही आपटावं लागलं तर रबर जाड आहे. दाब सारखा आहे का ते कागदाने पाहा: वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून ओढा, सगळीकडे सारखी अडत सरकली पाहिजे.

आता पाण्याचं. चटई ओली होण्याचं कारण बऱ्याचदा दाराचं रबर नसतंच. काचेच्या बाजूने पाणी दाराच्या पोटात जाणारच, तशीच रचना आहे. ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडायला हवं. आपल्या काळ्या मातीची धूळ आणि पाणी मिळून तिथे सिमेंटसारखा गारा बसतो, किंवा कोणीतरी डांबर मारताना भोकं बुजवलेली असतात. सायकलच्या स्पोकने ती मोकळी करा. दाराचं आतलं कव्हर काढलंत की त्यामागे प्लास्टिकचा पडदा आहे का पाहा. नसेल तर १५० ते २०० मायक्रॉनचं प्लास्टिक लावा, खालची कड दाराच्या पोटात सोडून. मल्चिंगचा कागद २५-३० मायक्रॉनचा, तो फाटतो. शेततळ्याचा ५०० चा, तो वळत नाही. पुढच्या काचेच्या रबरातून गळत असेल तर खालचे दोन कोपरे गंजासाठी पाहा, आणि तिथे व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन भरू नका, त्यातलं आम्ल उघड्या पत्र्याला गंजवतं. न वाळणारं ब्युटाइल सीलर भरा.

तपासताना वॉशिंग सेंटरचा प्रेशर नको. साधा पाइप बारीक सोडा, खालून वर जा, प्रत्येक जागी पाच मिनिटं, आत एक माणूस टॉर्च घेऊन. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे वाहतं आणि कुठून आलं ते कळत नाही.

फुफाट्याचा रस्ता वेगळा. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो, तिथे धूळ घोटाळते आणि डिकीच्या रबरातून आत, तिथून मागच्या सीटच्या पाठीतून तुमच्या मानेवर. डिकीच्या रबराच्या कडेला खडू घासा, झाकण लावा, उघडा. पत्र्यावर खडूची रेघ जिथे तुटली तिथून धूळ येते. पुढे स्टीअरिंगचा दांडा आणि गिअरचे रॉड जिथून जातात तिथले रबरी बूट, आणि वायरिंगच्या भोकांची ग्रोमेट, म्हणजे रबरी कडी, पाहा, ४० वर्षांत ती बहुधा उरलेली नसतात.

आणि रबर मऊ राहावं म्हणून त्यावर डिझेल किंवा जुनं ऑइल पुसायची आपल्याकडे सवय आहे, ती नव्या रबराला नको. ईपीडीएम खनिज तेलाने फुगतं आणि लिबलिबीत होतं. दोन-तीन महिन्यांतून एकदा ओल्या फडक्याने धूळ पुसून सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. जास्त लावलंत तर त्यावरच फुफाटा चिकटेल.