कंटेनर बनवणारं आमचं टूल आता एआय एजंट (स्वतःच कमांड चालवून काम करणारे एआय) वापरणार आहेत. माणसांसाठी लिहिलेलं रीडमी, म्हणजे टूल कसं वापरायचं ते सांगणारी फाइल, चालेल का?

नाही चालणार. असंच एक टूल मी सांभाळतो, डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर बेतलेलं, टीमला डेव्हलपमेंटसाठी कंटेनर (अ‍ॅप चालवायची वेगळी, बंदिस्त जागा) उभे करून देणारं. त्याच्या रीडमीत एक साधी ओळ होती: 'डिस्क भरली तर जुने कंटेनर काढून टाका.' माणसांनी ती वाचून कधी काही बिघडवलं नाही, कारण 'जुने' म्हणजे 'आपले, आणि काम संपलेले' हे सगळे गृहीत धरून चालले होते. एजंटला डिस्क भरल्याचा एरर आला, त्याने रीडमी चाळलं आणि सरळ 'डॉकर सिस्टिम प्रून' चालवलं. ही कमांड थांबलेले सगळेच कंटेनर उडवते, कोणाचे ते बघत नाही. एका सहकाऱ्याने दोन दिवसांसाठी थांबवून ठेवलेला कंटेनर आतल्या चाचणीच्या डेटासकट गेला. एजंटचा रिपोर्ट मात्र झकास होता: जागा मोकळी केली.

माणूस अडला की शेजारच्याला विचारतो. एजंट सहसा विचारत बसत नाही; मजकुरात फट दिसली की डॉकरबद्दल जे माहीत आहे त्याने ती बुजवतो. आणि त्याला डॉकर भरपूर माहीत असतं. २०१३ पासूनची ढीगभर उदाहरणं त्याने पचवलेली असतात, त्यात कालबाह्य झालेलीही आली. म्हणून कंटेनर म्हणजे काय हे समजावण्यात एक ओळही घालवू नका. तुमचं टूल डॉकरपेक्षा कुठे वेगळं वागतं ते सगळ्यात वर लिहा.

आमच्याकडचं उदाहरण माउंटचं, म्हणजे होस्टवरचा (कंटेनर ज्या मशीनवर चालतो त्यावरचा) फोल्डर कंटेनरला जोडण्याचं. डॉकरमध्ये 'व्ही' फ्लॅगला (कमांडला जोडायच्या -v या पर्यायाला) दिलेला फोल्डर होस्टवर नसेल तर तो गुपचूप रिकामा बनवला जातो. आमचं टूल मात्र अशा वेळी थांबतं. हे कुठे लिहिलेलंच नव्हतं, त्यामुळे एजंटला वाटायचं टूलच बिघडलंय, आणि तो आम्हाला वळसा घालून थेट डॉकर चालवायचा. पाथमध्ये एक अक्षर चुकलेलं, रिकामा फोल्डर माउंट झालेला, अ‍ॅप ओरडतंय की कॉन्फिग सापडत नाही, आणि हा पठ्ठ्या अ‍ॅपचा कोड बदलत बसलाय! आता तिथे लिहिलंय: 'फोल्डर आधी असायलाच हवा. नसेल तर पाथ तपासा. थेट डॉकर वापरू नका, कारण त्यात ही चूक लपते.' ते 'कारण' काढू नका. आमचा अनुभव असा की नुसती मनाई एजंट वाकवतो, कारण दिलं तर बऱ्यापैकी पाळतो.

एक्झिट कोडवर, म्हणजे कमांड संपताना जो आकडा परत करते त्यावर, मात्र नीट वेळ द्या. आमचं टूल काहीही बिघडलं तरी १ परत करायचं, म्हणजे एजंटला आंधळी कोशिंबीर. 'डॉकर रन' स्वतः बरंच सांगतं: १२५ म्हणजे गडबड डॉकरच्याच पातळीवर, १२७ म्हणजे कंटेनरमध्ये ती कमांडच सापडली नाही, १३७ म्हणजे १२८ अधिक ९ (९ हा मारण्याच्या सिग्नलचा आकडा), प्रोसेस जबरदस्तीने मारली गेली, बहुतेकदा मेमरी संपून. हे कोड जसेच्या तसे पुढे जाऊ द्या आणि प्रत्येकापुढे लिहा की पुन्हा प्रयत्न करायचा की थांबून माणसाला सांगायचं. १३७ वर तीच कमांड दहादा चालवून काही हाती लागत नाही.

'हो की नाही' विचारणारे प्रॉम्प्ट असतील तर ते टाळणारा फ्लॅग प्रत्येक उदाहरणात द्या, नाहीतर एजंट टाइमआउट होईपर्यंत ताटकळतो.

आता थोडं अप्रिय. डॉक्युमेंट एजंट एकदा वाचेल किंवा वाचणारही नाही, एरर मेसेज मात्र त्याच्या समोर येतोच. म्हणून निम्मं डॉक्युमेंटेशन तिथे हलवा. आमचा जुना मेसेज होता 'नाव आधीच वापरात आहे'. त्यावर एजंट नावापुढे २, ३, ४ लावत सुटला. नवा मेसेज: 'या नावाचा कंटेनर चालू आहे. तोच वापरा. नवाच हवा असेल तर आधी हा काढा. दुसरं नाव देऊ नका.' आकड्यांची ती रांग थांबली.

आणि 'दुसऱ्याचे कंटेनर काढू नका' एवढं लिहून निश्चिंत होऊ नका. ती विनंती झाली, कुंपण नव्हे. आम्ही प्रत्येक कंटेनरवर बनवणाऱ्याचं लेबल लावतो आणि काढण्याची कमांड लेबल जुळल्याशिवाय पुढेच जात नाही. अर्थात ज्याच्या हाती डॉकरचं सॉकेट (डॉकरला थेट हुकूम देण्याची वाट) आहे तो होस्टवर रूटसारखाच, म्हणजे सगळे अधिकार असलेला, तेव्हा शक्य असेल तर एजंटला ते देऊच नका.

लिहून झालं की कोऱ्या सेशनमध्ये एजंटला फक्त ती फाइल आणि एक काम द्या, आणि शेजारी बसून कमांड बघा. त्याने जिथे चुकीचा अंदाज बांधला तिथे तुमची ओळ राहून गेलेली असते. पहिल्या फेरीत आमच्या अशा नऊ निघाल्या, त्यातल्या चार टूलमधल्याच चुका होत्या.