ट्रकचं कमिन्स ६बीटी डिझेल इंजिन नवीन बांधलं, पण गरम झालं की ऑइल प्रेशर पडतं. मिस्त्री म्हणतो जाड ऑइल टाका. टाकू का?

नका टाकू. आत्ता तरी नकोच.

तुम्ही लिहिलंय की सकाळी ऑइल प्रेशरचा काटा ४ किलोवर (किलो प्रति चौरस सेंमी) असतो, भिवंडीहून माल घेऊन कसारा चढलात की इगतपुरीला आयडलवर, म्हणजे रेस न देता, तोच काटा अर्ध्या किलोखाली येतो, आणि मिस्त्री म्हणतो, "इंजिन नवीन आहे, बसलं की वाढेल." नाशिकला आडगावच्या ट्रक टर्मिनलजवळ आमचं इंजिनांचंच काम आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. बसतात त्या रिंगा. बेरिंग आणि क्रँकमधला गॅप गाडी चालवून कमी होत नाही, झालाच तर वाढतो.

सकाळच्या ४ किलोवर भरवसा ठेवू नका. थंड ऑइल इतकं घट्ट असतं की ढिल्या इंजिनातही काटा वर जातो. १५डब्ल्यू-४० ऑइल ४० अंशांवर जेवढं घट्ट असतं, त्याच्या साधारण सातव्या हिश्श्यावर ते १०० अंशांना येतं. परीक्षा गरम आयडललाच होते. ६बीटीला आयडलवर किमान १० पीएसआय, म्हणजे ०.७ किलो, आणि रेटेड आरपीएमवर ३० पीएसआय, म्हणजे साधारण २.१ किलो लागतं. तुमचा आकडा त्याच्या खाली आहे, जर तो खरा असेल तर.

म्हणून आधी केबिनमधला काटा विसरा. त्याला सिग्नल देणारं इंजिनवरचं युनिट (सेन्सर) काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावा आणि इंजिन पूर्ण गरम करून दोन रीडिंग घ्या, आयडलला एक आणि रेस देऊन एक. युनिट खराब निघालं तर काही रुपयांत सुटलात. लोक थेट चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवतात, ते मला कधी पटलं नाही.

गेजवरही कमीच असेल तर ऑइलची दांडी ओढा. पातळी आपोआप वाढलीय, डिझेलचा वास येतोय? मग फीड पंप किंवा फ्युएल पंपाच्या सीलमधून डिझेल चेंबरमध्ये उतरतंय. अशा वेळी बेरिंगला दोष देण्यात अर्थ नाही. त्यानंतर फिल्टर काढून कापा आणि कागद उलगडून उन्हात बघा. लोहचुंबकाला न चिकटणारी चमकी किंवा तांबूस कण दिसले तर गाडी तिथेच उभी करा, घाटात नेऊ नका.

जादा प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्हसुद्धा चेंबर न उघडता बघता येतो, या इंजिनात तो फिल्टर हेडच्या बाजूलाच आहे. कचरा अडकून तो उघडा राहिला तर रेस दिली तरी प्रेशर नीट चढत नाही. रेसवर ठीक आणि फक्त आयडलला कमी असेल, तर संशय गॅपवर घ्या. आणि काटा थरथरत असेल, रेस वाढवल्यावर उलट पडत असेल, तर पंप हवा ओढतोय: सक्शन पाइपचं पॅकिंग नीट बसलेलं नाही, किंवा जाळीत सिलिकॉन पेस्टचे तुकडे अडकलेत. आपल्याकडे ही पेस्ट हात सैल सोडून लावतात, तिचा निम्मा भाग आत जातो.

आता मुख्य मुद्दा. पंप प्रेशर तयार करत नाही, तो फक्त ऑइल ढकलतो. प्रेशर होतं ते पुढच्या अडथळ्यामुळे. द्राक्षबागेत ठिबकच्या एका नळीची एंड कॅप निघाली की मोटर नवीकोरी असूनही सगळ्या ओळीचं प्रेशर पडतं, तसंच इथे. बेरिंगमधून गळणारं ऑइल गॅपच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. गॅप सव्वापट झाला तर गळती जवळजवळ दुप्पट. म्हणून ग्राइंडिंगवाल्याने "दहा थाऊ मारलाय" म्हटलं तरी पुरत नाही. दहा थाऊ म्हणजे इंचाचे दहा हजारांश, पाव मिलिमीटर, पण जर्नल (क्रँकचा बेरिंगमध्ये फिरणारा भाग) प्रत्यक्ष किती मापाचं झालं, गोल आहे की अंडाकृती, हे मायक्रोमीटरनेच कळतं. प्रत्येक कॅप टॉर्क पान्याने घट्ट करून प्लास्टिगेजने (चेपून गॅप मोजायचा मऊ धागा) गॅप बघितला होता का, हे मिस्त्रीला विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर रोगाचा पत्ता लागला.

६बीटीत आणखी एक खास जागा आहे. याला सिलिंडरचे वेगळे लायनर (आतल्या नळ्या) नसतात, ब्लॉकच बोअर होतो. त्या कामात मेन बेरिंगच्या खाली बसणारी पिस्टन कूलिंगची नोझल्स काढतात किंवा पडतात, आणि परत लावायची राहून जातात. तिथून ऑइल सरळ उडून जातं, बेरिंग कितीही चांगलं असो. शिवाय होनिंगची (सिलिंडर घासण्याची) माती गॅलरीत, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटेत, राहिली, किंवा जुन्या बेरिंगचा चुरा ऑइल कूलरमध्ये अडकून राहिला, तर नवीन बेरिंग काही आठवड्यांतच खराब होतं.

चेंबर उतरवावाच लागला तर लगेच बेरिंग खोलू नका. एका टाकीतून हवेच्या दाबाने ऑइल मेन गॅलरीत सोडा, क्रँक हळूहळू फिरवा आणि खालून बघा. थेंबथेंब गळणं ठीक. एकाच कॅपमधून धार लागली की रोग सापडला.

२०डब्ल्यू-५० टाकल्यावर काटा थोडा वर येईल, खोटं नाही. पण गॅप तसाच राहतो, आणि थंडीत पहाटे पिंपळगावला कांदा भरायला निघालात की जाड ऑइल वरच्या रॉकरपर्यंत पोहोचायला जास्त वेळ घेईल.

मेकॅनिकल गेजची दोन्ही रीडिंग आणि फिल्टरमध्ये काय दिसलं ते इथेच लिहा, मग चेंबर उतरवायचा की नाही ते सांगतो.