मज्जा म्हणजे नसा नव्हेत. आणि मगज तिचा चुलतभाऊ

निपाणीहून एका वाचकांनी विचारलंय: आईला मल्टिपल मायलोमा, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर, निघाला. डॉक्टरांनी कन्नडमध्ये सांगितलं की 'मज्जे'त बिघाड आहे, म्हणून 'रक्तहीनते', म्हणजे ॲनिमिया. घरच्यांनी नसांचा आजार समजून घेतला. तर मज्जा म्हणजे नक्की काय, आणि ॲनिमियाला रक्तक्षय म्हणावं, पंडुरोग की रक्ताल्पता?

घरच्यांना बोल लावू नका. 'मज्जेचा कॅन्सर' असं मोघम छापणाऱ्यांना लावा. मज्जासंस्था, मज्जातंतू, मज्जारज्जू हे शब्द घोकून मोठा झालेला माणूस नुसतं 'मज्जा' ऐकल्यावर नसांकडेच जाणार. अशा वेळी 'अस्थिमज्जा' असा पुरता शब्द वापरायला किती कष्ट पडतात? मटणाची नळी ताटात आपटून जो मऊ गर आपण ओढून खातो, ती मज्जा. माणसात मोठेपणी रक्त घडवणारी लाल मज्जा मुख्यतः मणके, बरगड्या, छातीचं मधलं हाड आणि कमरेचं हाड यांत असते.

आता खरी गंमत. काही पंडित मज्जेची व्युत्पत्ती संस्कृत 'मज्ज्', म्हणजे बुडणे, या धातूवरून लावतात आणि 'हाडात बुडालेली ती मज्जा' असं सांगून मोकळे होतात. मला हे साफ अमान्य आहे. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, 'मज़्ग' आहे, फारसीत 'मग्ज़' म्हणजे मेंदू, रशियनमध्ये 'मोज़्ग' म्हणजे मेंदू. एवढं गोत समोर असताना पाण्यात बुडी कशाला मारायची? रविवार पेठेत किराण्याच्या दुकानात मगज बी मागता ना, तो मगज फारसीतून आलेला, आपल्या मज्जेचा चुलतभाऊ. मगजमारीतला मगजही तोच. हाडातला गर, बीतला गर, कवटीतला गर: जुन्या माणसांना ही एकच वस्तू वाटली.

ग्रीकांनाही तसंच वाटलं. त्यांचा 'मायेलॉस' हाडाच्या गराला चाले आणि पाठीच्या कण्यातल्या दोरीलाही. म्हणून मायलोमा हा अस्थिमज्जेचा रोग, तर मायलायटिस ही मज्जारज्जूची सूज. रुस्टिझ्की या डॉक्टरांनी १८७३ मध्ये 'मल्टिपल मायलोमा' हे नाव दिलं, कारण गाठी अनेक हाडांत होत्या. त्यामुळे 'मज्जातंतू' हा शब्दच अडाणी म्हणून 'चेता' चालवा, असं जे विद्वान सांगतात त्यांच्याशी माझं जमत नाही. चेतापेशी पाठ्यपुस्तकात सुखाने राहो, पण मज्जातंतूला अडाणी म्हणायचं तर आधी ग्रीकांना म्हणा.

आणि आपल्या भागातल्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं: कन्नडमध्ये मेंदूला 'मेदुळु' म्हणतात. मराठी 'मेंदू' त्याच घरचा आहे, असं माझं ठाम मत आहे. सीमेवर राहून दोन्ही भाषा बोलणाऱ्यांनी संस्कृत 'मेदा'पाशीच, म्हणजे चरबीपाशीच, अडून का बसावं, हे मला कळत नाही.

तर ॲनिमिया. मायलोमाच्या साधारण चारांतल्या तिघांना निदानाच्या वेळीच तो असतो. बिघडलेल्या प्लाझ्मा पेशी (एरवी रोगाशी लढणारी प्रथिनं बनवणाऱ्या) मज्जेत जागा अडवतात आणि लाल पेशी घडण्याचं काम मागे पडतं, हे एक कारण. पण तेवढंच नाही. या पेशींमुळे शरीरात दाह वाढवणारी द्रव्यं वाढतात, त्यातलं इंटरल्यूकिन-६ यकृताला हेप्सिडिन हे लोह अडवून धरणारं द्रव्य बनवायला लावतं, आणि मग लोह शरीरात असूनही कोठारात कुलूपबंद राहतं. अशा वेळी तपासणीत फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, भरपूर दिसतं. बीट, खजूर आणि लोहाच्या गोळ्या यांनी हे कुलूप उघडत नाही. दर घरी हाच सल्ला ऐकून माझा जीव तुटतो. तिसरं कारण मूत्रपिंडाचं. मायलोमातली हलकी प्रथिनं त्याच्या नळ्यांत अडकतात, मूत्रपिंड थकतं आणि मज्जेला 'लाल पेशी घडव' असा निरोप देणारं एरिथ्रोपोएटिन कमी पडतं. औषधोपचारानेही मज्जा दबते. कधी बी-१२ची कमतरताही सोबत असते. ती मात्र भरून काढता येते, म्हणून तपासून घ्यायला डॉक्टरांना जरूर सांगा.

आता ते तीन शब्द. 'रक्तक्षय' म्हटलं की रक्त कुठेतरी गळतंय असं वाटतं. इथे बहुधा घडणंच कमी असतं. 'रक्ताल्पता' तर काही रुग्णांत उलटीच पडते. मायलोमाचं प्रथिन रक्तात फार झालं की पातळ भाग वाढतो, एकूण रक्त कमी नसतानाही हिमोग्लोबिन खाली दिसतं. 'पंडुरोग' मला सगळ्यांत आवडतो, कारण तो कारण सांगण्याचा आव आणत नाही, फक्त दिसणारा फिकटपणा सांगतो. पण आपल्याकडे निम्मे लोक त्याला कावीळ समजतात. तेव्हा आईच्या फाइलवर आणि घरातल्या बोलण्यात सरळ 'ॲनिमिया' म्हणा, आणि पुढे 'मायलोमामुळे' हा शब्द जोडा, म्हणजे पुढचा माणूस खजुराचं पाकीट घेऊन येणार नाही.