निमोचा बाप आणि आपण

सुट्टी लागली तेव्हा या सदरातून मी एक गृहपाठ दिला होता. ‘फाइंडिंग निमो’ घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहा आणि काय वाटलं ते कळवा. चित्रपट २००३चा, पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओचा, शंभर मिनिटांचा. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळरांगेवर राहणाऱ्या निमो या छोट्या क्लाउनफिशला एक दंतवैद्य जाळ्यात धरतो आणि सिडनीतल्या आपल्या दवाखान्यातल्या काचपेटीत नेऊन सोडतो. निमोचा भित्रा बाप मार्लिन, डोरी नावाच्या विसराळू मासोळीला बरोबर घेऊन, त्याच्या शोधात समुद्र पालथा घालतो.

मुलांची पत्रं येतील असं वाटलं होतं. आली ती बहुतेक आईवडिलांची, आणि त्यातली निम्मी तक्रारीची.

ताई, तुमचं ऐकून चित्रपट लावला आणि पाचव्या मिनिटाला बंद करावा लागला. मुलगी साडेचार वर्षांची आहे. ‘त्याची आई कुठे गेली?’ म्हणून जी रडायला लागली ती थांबेना. रात्री माझा हात सोडायला तयार नव्हती. सुरुवातीचा भाग गाळून दाखवायला हवा होता का?
— एक आई, नाशिक

तुमचा राग रास्त आहे. हे मी आधीच लिहायला हवं होतं. या चित्रपटात निमोची आई कोरल आणि चारशेच्या वर अंडी बॅराकुडा या शिकारी माशाच्या तोंडी जातात, आणि तेही नावं पडद्यावर येण्याआधी. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या २०१४च्या नाताळ अंकात काही संशोधकांनी मुलांच्या ४५ ॲनिमेशनपटांतले मृत्यू मोजले होते. १९३७च्या ‘स्नो व्हाइट’पासून २०१३च्या ‘फ्रोझन’पर्यंतचे चित्रपट त्यांनी घेतले आणि मोठ्यांच्या ९० चित्रपटांशी तुलना केली. नाताळ अंकातले लेख थोडे मिश्कील असतात, पण आकडे खरे होते: मुख्य पात्राच्या आईवडिलांवर मरण ओढवायची शक्यता मुलांच्या चित्रपटांत पाचपट निघाली. कोरलच्या मृत्यूची वेळही त्यांनी नोंदली आहे, ४ मिनिटं ३ सेकंद. तुम्ही पाचव्या मिनिटाला बंद केलात, म्हणजे घड्याळ बरोबर होतं!

गंमत सोडू. त्या प्रसंगात रक्त नाही, माशाचे दात कोरलला लागताना दिसत नाहीत. मार्लिन शुद्धीवर येतो तेव्हा घर रिकामं असतं, एवढंच. लहान मुलांना नेमकं तेच लागतं. तुमच्या मुलीनंही ‘कशी मेली’ असं विचारलं नाही, ‘कुठे गेली’ असं विचारलं.

पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर तो भाग खुशाल गाळा. शाळेच्या पहिल्या दिवसापासून सुरू करा. पण गाळलेलं तोंडानं सांगा, कारण ते माहीत नसलं तर मार्लिन नुसता उगाच कटकट करणारा बाप वाटतो. मांडीवर घेऊन एक वाक्य पुरतं: ‘निमोच्या आईला मोठ्या माशानं खाल्लं, म्हणून बाबा सारखा घाबरतो.’ ‘गावाला गेली’ मात्र सांगू नका. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाला घरच्यांनी तसं सांगितलं होतं. तो शेवटपर्यंत आईची वाट पाहत बसला आणि निमो सापडल्यावर म्हणाला, ‘आता आईला शोधायला जाणार ना?’

तुमच्या मुलीनं पाहिलंच आहे, तर आता विषय उकरू नका. ती खेळात मासा आणि आई आणेल तेव्हा आई झालेली मासोळी तुम्ही व्हा.

बाप ओरडून सांगतो पुढे जाऊ नकोस. पोरगं मुद्दाम जातं. आणि शेवटी तेच हीरो! आमच्याकडे आता काही सांगायची सोय राहिली नाही. चिरंजीव (वय ९) लगेच म्हणतात, ‘पप्पा, तुम्ही मार्लिनसारखं करायलाय.’ असले चित्रपट तुम्ही सुचवता?
— एक वडील, कोल्हापूर

पत्र वाचून आधी हसले, माफ करा. चिरंजीवांनी चित्रपट फार नीट पाहिलाय.

तो प्रसंग पुन्हा लावून बघा. रीफच्या कडेवर मित्र निमोला डिवचत असतात आणि तो नाहीच म्हणत असतो, ‘बाबा म्हणतात ते धोक्याचं आहे.’ तेवढ्यात मार्लिन येतो, पोरगं निघालंच आहे असं धरून चालतो, आणि सगळ्या मित्रांदेखत सांगतो की तुला धड पोहता येत नाही. निमो बोटीकडे जातो तो त्यानंतर. जाण्याआधी हळूच ‘मला तुमचा राग येतो’ असंही म्हणतो. म्हणजे क्रम आधी चारचौघांत अपमान, मग आज्ञाभंग असा आहे. आणि आज्ञाभंगाचं बक्षीस काय मिळतं? जाळं, काचपेटी आणि दंतवैद्याची भाची. ती डार्ला मासे पिशवीत हलवून हलवून मारते.

दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन यांनी सांगितलेली गोष्ट अशी, की ते लहान मुलाला घेऊन बागेत फिरायला गेले होते आणि सगळा वेळ ‘त्याला हात लावू नको, पडशील, सांभाळ’ यातच गेला. मुलाबरोबर घालवायचा वेळ आपण भीतीतच घालवला हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यातून हा बाप जन्माला आला. त्यामुळे मी या चित्रपटाला मुलांचा चित्रपट म्हणायला जरा कचरते. शिकतो तो मार्लिन.

आणि तो शिकतो दुसऱ्या बापांकडे बघून. क्रश नावाचं कासव पाण्याच्या जोरदार प्रवाहातून चाललेलं असतं, त्याचं पिल्लू बाहेर फेकलं जातं. मार्लिन धावतो. क्रश म्हणतो, थांब, बघू तरी काय करतो. तिकडे काचपेटीत निमो फिल्टरच्या नळीत अडकतो, तेव्हा गिल नावाचा मासा बाकीच्यांना हात लावू देत नाही. तिथूनच, शांत आवाजात, कसं सुटायचं ते सांगत राहतो. मला विचाराल तर अख्ख्या चित्रपटातला सगळ्यात चांगला पालक हा गिल, आणि त्याला मूलच नाही. तो मदत करत नाही असं नाही, फक्त ओढून काढत नाही.

शेवटी डोरी मासेमारीच्या जाळ्यात सापडते आणि निमोला तिच्यासाठी आत जायचं असतं. मार्लिन त्याला धरतो आणि मग सोडतो. सोडताना त्याचा चेहरा बघा. भीती तेवढीच आहे.

मार्लिन चुकीचा नाही, समुद्रात बॅराकुडा खरोखर असतात. कोल्हापुरातल्या रस्त्यांवरही असतात. तेव्हा पुढच्या वेळी चिरंजीव मार्लिन म्हणाले की म्हणा, ‘बरं, मार्लिन थांबला. तू कसा जाणार, कधी येणार, कुणाबरोबर, ते सांग.’ उत्तर नीट आलं तर जाऊ द्या. नाही आलं तर मार्लिन आहेच.

माझ्या मुलाचा डावा हात जन्मापासून लहान आहे. निमोचा एक पर लहान असतो आणि त्याला ‘लकी फिन’ म्हणतात, ते पाहून तो खूश झाला. पण माझ्या नणंदेनं लगेच ‘हा बघ आमचा निमो’ म्हणायला सुरुवात केली. मला ते टोचतं. मी जास्त मनाला लावून घेतेय का?
— एक आई, सोलापूर

नाही. ‘लकी’ हा शब्द मार्लिन आणि निमो या दोघांमधला आहे, बाहेरच्यांनी दिलेला नाही. मुलानं स्वतः ‘मी निमो’ म्हटलं तर छान, दुसऱ्यानं म्हटलं की ते टोपणनाव होतं. नणंदेला एकदा बाजूला घेऊन सांगा, त्याच्यासमोर नको.

शाळेचा प्रसंग मात्र मुलाबरोबर पुन्हा बघा. निमोचा पर पाहून एकजण विचारतो आणि मग जो तो आपापलं सांगायला लागतो: छोट्या ऑक्टोपसची एक भुजा आखूड आहे, समुद्रघोड्याला पाण्याचीच ॲलर्जी आहे! कुणी ‘अरेरे’ म्हणत नाही. गिलचाही पर फाटका आहे, आणि तो निमोला तेवढंच दाखवतो. डोरीचं विसरणंही नुसतं विनोदाला घातलेलं नाही. स्मृतिभ्रंश चित्रपटांत कसा दाखवतात यावर एका मेंदूतज्ज्ञ बाईंनी २००४ साली लिहिलं, तेव्हा बहुतेक चित्रपटांना नावं ठेवून डोरीची तारीफ केली होती.

किती वर्षांच्या मुलाला दाखवावा? (हे तिघांनी विचारलंय.)

अमेरिकेत तो सर्वांसाठी खुला होता. माझं मत पाच वर्षांपुढे. शार्कचा पाठलाग, खोल अंधारातला दिवेवाला मासा आणि जेलीफिश या तीन जागी मुलं अंगावर चढतात. दिवा चालू ठेवा.

आमच्या विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या, क्लाउनफिशमध्ये नराचा मादी होतो. मग कोरल मेल्यावर मार्लिन निमोची आई व्हायला पाहिजे ना?
— इयत्ता सातवी, सातारा

मॅडम अगदी बरोबर. एका समुद्रफुलात, म्हणजे ॲनिमोनमध्ये, राहणाऱ्या गटात सगळ्यात मोठी असते ती मादी, तिच्या खालोखाल नर, बाकीचे लहान. मादी मेली की तो नर मादी होतो आणि खालच्यातला मोठा नर होतो. म्हणजे मार्लिनची मार्लिनबाई झाली असती. पुढचं पिक्सारनं शहाणपणानं सोडून दिलं.

पण एक गोष्ट त्यांनी अगदी खरी दाखवली आहे. क्लाउनफिशच्या अंड्यांची राखण बापच करतो. परांनी वारा घालतो, खराब झालेली काढून टाकतो. आठवड्या-दीड आठवड्यात अंडी फुटली की मात्र पिल्लं प्रवाहाबरोबर वाहून जातात आणि खरा बाप मोकळा होतो. मार्लिन त्यानंतरही वारा घालत राहिला, एवढाच फरक.

आणि क्रशचं? कासवाची आई वाळूत अंडी घालून निघून जाते, बाप तर किनाऱ्यावर येतच नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला कासव महोत्सवाच्या वेळी गेलास तर बघशील, ऑलिव्ह रिडलेची पिल्लं एकेकटी समुद्राकडे पळतात. ‘बघू तरी काय करतो’ म्हणायलाही तिथे कुणी नसतं.

दोन्ही मुलांना आता निमो आणि डोरी घरी हवेत. आणावेत का?
— एक वडील, ठाणे

मासे परत समुद्रात सोडा असं शंभर मिनिटं सांगणारा चित्रपट पाहून मुलं मासे आणा म्हणतात. काय बोलणार! डोरीवरचा पुढचा भाग २०१६मध्ये आला, तेव्हा ती जात संपेल इतकी विक्री होणार अशी ओरड झाली होती. २०१९च्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या आयातीचे आकडे तपासले, तशी लाट काही सापडली नाही. म्हणजे बरेच आईबाप ‘नाही’ म्हणाले असावेत.

तुम्हीही म्हणा. हे खाऱ्या पाण्याचे मासे आहेत. पाण्याचा खारटपणा, तापमान, गाळणी हे सगळं रोज सांभाळावं लागतं, आणि डोरीच्या जातीचा मासा वाढून जवळजवळ फूटभर होतो. क्लाउनफिश निदान टाकीत जन्मलेले मिळतात, आपल्याकडच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनंही ते वाढवले आहेत. तरी आधी गप्पी आणा. सहा महिने पाणी कोण बदलतं ते बघा.

आणि एक: गिल म्हणतो की सगळ्या नळ्या समुद्राला मिळतात. ते ऐकून अमेरिकेत काही मुलांनी घरचे मासे संडासात सोडले. मध्ये सांडपाण्याचं यंत्र असतं, हे मुलांना आजच सांगा.

नातवंडं न्यू जर्सीहून येणार आहेत. त्यांना हा चित्रपट तोंडपाठ आहे, मला इंग्रजी कळत नाही. मी त्यांच्यात बसून काय करू?
— एक आजी, रत्नागिरी

आजी, २०१६ साली अमेरिकेतल्या नवाहो या मूळनिवासी लोकांनी हाच चित्रपट आपल्या भाषेत करून घेतला, मुलांच्या कानावर ती भाषा पडत राहावी म्हणून. तुमच्याकडे स्टुडिओ नाही, पण नातवंडं आहेत. आवाज बारीक करा आणि प्रत्येक प्रसंगाला विचारा, ‘हा आता काय म्हणाला?’ तोंडपाठ आहे म्हणता, तर सांगू देत मराठीत. अडतील तिथे शब्द तुम्ही द्या: समुद्र, भरती, जाळं, कल्ले. मासा ओळखण्यात तर तुम्ही त्यांच्या दहा पावलं पुढे असणार.

मध्ये एक प्रसंग येईल. डोरी देवमाशाशी त्याच्या भाषेत बोलायला लागते, म्हणजे एकेक अक्षर लांबवत, हेल काढत. तिथे रिमोट घेऊन चित्रपट थांबवा आणि ‘अरेऽऽऽ, सिऽऽडनीऽऽ कुऽऽठं हाऽऽय’ असं तुम्ही आधी करून दाखवा.