पहिल्या ट्रायथलॉनसाठी कोणती सायकल घेऊ आणि सराव कुठून सुरू करू?

आधी पोहण्याकडे बघा, सायकल नंतर. स्प्रिंट ट्रायथलॉनमध्ये ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल आणि ५ किमी धावणं असतं, आणि आपल्याकडे बहुतेकांचं अडतं ते पोहण्यातच. पोहण्याच्या तलावात ७५० मीटर सलग जमले की मगच उघड्या पाण्यात, म्हणजे समुद्रात किंवा नदीत, उतरा, तेही जाणकार सोबत घेऊन. गोव्यातल्या आयर्नमॅन ७०.३ या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये तर १.९ किमी समुद्रात पोहावं लागतं. तिथे सरळ पोहायला तलावासारखी तळाला रेघ नसते.

घरी हायब्रिड (सरळ हँडलची, रोड आणि माउंटन बाइकच्या मधली सायकल) असेल तर पहिली स्प्रिंट तिच्यावरच करा. नवीन घ्यायचीच असेल तर साधी, वाकड्या हँडलची रोड बाइक घ्या. टाइम ट्रायलची, म्हणजे निव्वळ वेगासाठी बनवलेली, महागडी सायकल आत्ता अजिबात नको. तिच्या एअरोबारवर (पुढे झुकून हात टेकायच्या दांड्यांवर) टेकलं की ब्रेक हाताशी राहत नाहीत, आपल्या रहदारीत ते धोक्याचं. ब्रँडपेक्षा फ्रेमचं माप बघा, कारण माप चुकलं की गुडघे आणि कंबर दुखायला लागते. टायर २८ मिमीचे बसतील अशी बघा, खड्ड्यांत फरक कळतो. जुनी घेत असाल तर फ्रेमला तडा नाही ना, हे मेकॅनिककडून तपासून घ्या. हेल्मेटवर काटकसर करू नका.

आठवड्यातून एकदा सायकलवरून उतरल्या उतरल्या १०-१५ मिनिटं धावा. सुरुवातीला पाय दगडासारखे जड वाटतील, ते सरावाने जातं.