वाचक विचारतात : मालगाडी घसरली कशामुळे?

(रेल्वेत रूळ सांभाळण्यात ३१ वर्षं घालवलेले एक निवृत्त पीडब्ल्यूआय (रुळांची देखभाल पाहणारे निरीक्षक) उत्तरं देत आहेत.)

प्रश्न : आमच्या गावाजवळ मालगाडीच्या चार वाघिणी घसरल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात 'तांत्रिक कारण' एवढंच आलं. खरं कारण शोधतात तरी कसं?
– एक वाचक, जळगाव जिल्हा

उत्तर : आडव्या पडलेल्या वाघिणींभोवती गर्दी जमते. आम्ही मात्र त्यांच्याकडे पाठ करून गाडी आली त्या दिशेला चालू लागायचो. गाडी घसरते एकीकडे आणि थांबते दुसरीकडे, कधी कधी पार किलोमीटरभर पुढे. शोधायची असते पहिली खूण. चाकाची कड, म्हणजे फ्लँज, रुळावर चढली की रुळाच्या डोक्यावर तिरकी चकचकीत रेघ उमटते, पेन्सिलीने ओढल्यासारखी. रेघ सुरू होते तिथे चाक चढलं, बाहेरच्या अंगाला संपते तिथे पडलं. त्यापुढे रूळ धरून ठेवणाऱ्या तुटलेल्या क्लिपा आणि स्लीपरवरचे, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांवरचे, घाव. रेघच नाही आणि चाक सरळ आत पडलंय, तर गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, फाकला का ते बघायचं. रूळ तुटला असेल तर तुटलेल्या तोंडाचा रंग पाहायचा. ताजी मोड चांदीसारखी असते, जुनी चीर गंजलेली.

मग वेगवेगळ्या खात्यांचे सुपरवायझर मिळून जॉइंट नोट लिहितात. यातला 'मिळून' हा शब्द जपून वाचा. रूळवाला म्हणतो चाक खराब, वाघीणवाला म्हणतो रूळ खराब, आणि मग दोघे मिळून ड्रायव्हरकडे बघतात.

एकदा भर पावसाळ्यात एका यार्डात रिकामी वाघीण घसरली. रूळ माझ्या ताब्यातला. गेज मोजला, दोन्ही रुळांची लेव्हल पाहिली, सगळं हद्दीत. मी खुशीत. तेवढ्यात सी अँड डब्ल्यूचे, म्हणजे डबे-वाघिणी सांभाळणाऱ्या खात्याचे, एक बुजुर्ग सुपरवायझर रुळाशी उकिडवे बसले, खिशातून काडेपेटी काढली आणि स्लीपरच्या टोकाखाली अलगद आत सरकवली. स्लीपर खडीवर टेकलेलाच नव्हता, रुळाला लटकत होता. आजूबाजूची खडी चिखलाने माखलेली. म्हणाले, "साहेब, आता भरलेली वाघीण उभी करून मोजा." मोजलं. एका बाजूचा रूळ खाली बसला आणि पिळा, म्हणजे दोन रुळांच्या उंचीतला फरक थोड्या अंतरात बदलणं, हद्दीबाहेर गेला.

चाकावर दोन जोर असतात, एक खाली दाबणारा आणि एक बाजूला रेटणारा. बाजूचा वाढला आणि खालचा घटला की कड रुळाच्या अंगावरून वर सरकते. रिकाम्या वाघिणीत खालचा दाब मुळातच कमी, त्यात रूळ पिळलेला असला की एक चाक जवळजवळ अधांतरी जातं. त्या वाघिणीची एका बाजूची स्प्रिंगही मोडलेली निघाली, म्हणून दोष दोन्ही खात्यांत वाटला गेला. माझी एक वेतनवाढ अडकली. त्यानंतर निवृत्तीपर्यंत काडेपेटी माझ्या खिशात असायची. बिडी मी कधीच ओढली नाही.

प्रश्न : २०२४ मध्ये कठुआहून मालगाडी ड्रायव्हरशिवाय पळाली. एअरब्रेक असताना हे होतं कसं?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : २५ फेब्रुवारीची गोष्ट. खडीने भरलेली ५३ वाघिणींची गाडी, आणि पठाणकोटच्या बाजूला उतार. सुटली ती सुमारे ७० किलोमीटर जाऊन पंजाबात उंची बस्सीजवळ थांबली. कोणी दगावलं नाही हे नशीब. लोकांचा एअरब्रेकवर फार भरवसा. पण हवा ती हवाच! इंजिन चालू आहे तोवर कॉम्प्रेसर ती भरत राहतो. इंजिन बंद करून गाडी तशीच सोडली, तर ब्रेक सिलिंडरातली हवा हळूहळू गळते आणि आवळलेला ब्रेक ढिला पडतो. म्हणून उभ्या गाडीचे हँडब्रेक हाताने आवळायचे आणि चाकांखाली लाकडी गुटके ठोकायचे. कंटाळवाणं काम, म्हणूनच ते राहतं.

कॅनडात लाक-मेगांटिकला ६ जुलै २०१३ रोजी हेच झालं. कच्चं तेल भरलेले ७२ टँकर उतारावर उभे होते. इंजिनाला आग लागली म्हणून ते बंद केलं, हवा गळाली आणि आवळलेले हँडब्रेक अपुरे पडले. गाडी थेट गावात शिरली, ४७ माणसं गेली.

प्रश्न : मालगाडी स्टेशनात शिरताना रुळाच्या दोन्ही बाजूंना माणसं वाकून चाकांकडे बघत असतात. ती काय बघतात?
– एक वाचक, मनमाड

उत्तर : लोंबणारा भाग, धूर, गरम झालेला चाकाचा आस (अ‍ॅक्सल). सपाट झालेलं चाक तर कानालाच कळतं, ठक-ठक वाजतं. पूर्वी गाडी थांबली की हाताची मागची बाजू आसाच्या टोकावरच्या पेटीला, अ‍ॅक्सल-बॉक्सला, लावून बघायचे, आता तापमापक गन असते.

अमेरिकेत ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाईनला ३ फेब्रुवारी २०२३ रोजी ३८ डबे घसरले, ते एका तापलेल्या बेअरिंगमुळे. रुळालगतच्या पहिल्या यंत्राने ते हवेपेक्षा ३८ अंश फॅरनहाइट जास्त गरम दाखवलं, दुसऱ्याने १०३ अंश. धोक्याचा इशारा दिला तिसऱ्याने, २५३ अंशांवर, आणि तोवर उशीर झाला होता. वाटेत ओहायोतल्याच सेलमला एका कॅमेऱ्याने त्या डब्याखालचा जाळ आधीच टिपला होता. वाकून बघणारं माणूस मात्र तिथे नव्हतं.